काही न दिसणारी टाइल

माझ्या बायकोला कशातही काहीही दिसतं. करपलेल्या पातेल्याच्या बुडाशी तिला नांगर टाकलेलं जहाज दिसतं, ओल्या पायपुसण्यात झोपलेलं अस्वल दिसतं, आणि एकदा माझ्या टकलावर ऊन पडलं होतं तेव्हा तिथे तिला दोन बदकं दिसली होती. मला म्हणाल तर पातेल्यात करपलेलं पातेलं दिसतं, आणि ते घासायची पाळी कुणाची आहे तेवढं आठवतं.

ती चित्रकार आहे, पण हाताला रंग लागणारी नव्हे. तिचं सगळं काम कॉम्प्युटरवर, पाटीएवढ्या काळ्या टॅबलेटवर, प्लास्टिकच्या पेनने. चित्र सुरू करताना काय काढायचं हे तिला ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसणं ही तिच्या मते कामाची पहिली अट आहे. आधी ती डोळे मिटून भराभर रेघोट्या ओढते. मग त्यावर कसला तरी फोटो पसरते, भिंतीला आलेल्या ओलीचा, नाहीतर सांडलेल्या दुधाचा. मग ते सगळं ताणते, दुमडते, उलटं करते, आणि एक पाय खुर्चीवर घेऊन, पेन अंबाड्यात खोचून नुसती बघत बसते. मध्येच पेन उपसते आणि म्हणते, "आली." कोण आली ते आम्हाला नंतर कळतं. कधी मासोळी येते, कधी टोपी घातलेली म्हातारी. मी एकदा विचारलं, तू हे काढतेस की शोधतेस? तर म्हणाली, ते तिथे असतंच, मी फक्त आजूबाजूचा पसारा आवरते. घरातला पसारा मी आवरतो.

रोज संध्याकाळी मी चहाचे दोन कप घेऊन तिच्या मागे उभा राहतो. मान न वळवता ती विचारते, "दिसतंय?" आणि मी म्हणतो, "हो हो. दिसतंय की." दिसत काहीच नसतं. बारा वर्षांच्या संसारात मला तिच्या कच्च्या चित्रात कधी एक शेपूट दिसलेलं नाही. पण खोटं बोलायचं तर नीट बोलावं. नुसतं 'छान' म्हटलं की संशय येतो, म्हणून मी थोडं थांबतो आणि एखादा अवयव पकडतो. "डोळे बोलके आलेत," म्हणतो, किंवा "मानेचा बाक छान आलाय." डोळे आणि मान बहुतेक प्राण्यांना असतात. एकदाच फसलो होतो. त्या दिवशी निघाली होती किटली. पण ती काही बोलली नाही, आणि मी समजलो की पचलं.

माझं स्वतःचं काम याच्या बरोबर उलट. मी टाइल्सच्या कारखान्यात तपासनीस आहे. भट्टीतून निघालेली टाइल माझ्या टेबलावर येते, मी तिच्यावर तिरपा उजेड पाडतो आणि टवका, तडा, टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा रंगातला फरक शोधतो. नसेल तर म्हणतो, "दोष नाही," आणि ती पुढे जाते. कारखान्यात मला सगळे 'भिंग' म्हणतात. आमच्याकडे संगमरवरासारख्या शिरा असलेल्या टाइल्स छापतात. त्या शिरा कुणीतरी कॉम्प्युटरवर कशाही ओढलेल्या असतात. वर्षानुवर्षं मी त्या बघतोय आणि मला त्यात शिराच दिसल्या आहेत. माझी नोकरी या गुणावर टिकली आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक तक्रार आली. तक्रार करणाऱ्या बाई गाणं शिकवायच्या, एकट्या राहायच्या, आणि त्यांनी नुकतंच न्हाणीघर नवं करून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं, टाइलमध्ये एक मिशीवाला पुरुष आहे आणि तो टक लावून बघतो. सगळ्या टाइल्सवर नक्षी एकच, त्यामुळे चारी भिंतींवर मिशीवालेच मिशीवाले. मॅनेजरसाहेबांनी मला बघायला पाठवलं. बाईंनी भिंतीभर टॉवेल टांगले होते, अंग पुसायला एकही शिल्लक ठेवला नव्हता. मी टॉवेल बाजूला केले, गुडघ्यांवर बसलो, तिरपा उजेड पाडला, एक एक टाइल बघितली आणि म्हटलं, दोष नाही. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्या मिशीवाल्याचाच सख्खा भाऊ.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कारखान्यात आल्या. साहेबांच्या टेबलावर त्याच टाइलचा नमुना होता. त्यावर त्यांनी बोट फिरवून दाखवलं, ही मिशी, हे नाक, हे डोळे. साहेबांना लगेच दिसला. असल्या गोष्टीचं हेच वाईट. एकाने बोट ठेवून दाखवलं की दुसऱ्याला दिसतोच, आणि एकदा दिसला की मग काही केल्या जात नाही. साहेबांच्या केबिनला लागून असलेल्या स्वच्छतागृहात तीच टाइल होती. त्या दिवसापासून साहेब साधे हात धुवायलासुद्धा शेजारच्या इमारतीत जाऊ लागले. मला मात्र बोट ठेवूनही दिसला नाही. साहेब म्हणाले, भिंग, तुम्ही धन्य आहात.

संध्याकाळी मी घरी फोनवर त्या टाइलचा फोटो दाखवला. बायको म्हणाली, बघतोय कसला, रडतोय बिचारा, आणि त्याच्या खांद्यावर पोपट आहे. तेवढ्यात आई चष्मा पुसत आली. माझ्या आईला कशातही आमचे नातेवाईकच दिसतात, तेही बहुतेक वारलेले. तिने फोन हातभर लांब धरला.

"अरे, हा तर तुझा धाकटा मामा," ती म्हणाली. "मेल्यावरसुद्धा याला बायकांच्या न्हाणीघरात जायची बुद्धी होते."

आता खरं तर मी गप्प बसायचं. पण हात दाखवून अवलक्षण करायची मला खोड आहे. दुसऱ्या दिवशी साहेब डोकं धरून बसले होते. आम्हाला अशी नक्षी हवी, म्हणाले, की जिच्यात कुणालाही काहीही दिसणार नाही, पण अशी नक्षी काढणार कोण? आणि मी बोलून गेलो की माझी बायको काढेल, कारण जिला सगळं दिसतं तिलाच काय पुसायचं ते कळेल. साहेबांना हे फार पटलं. मला ते माझ्याच तोंडून ऐकून थोडं कमी पटलं.

बायको हे काम नाकारेल असं मला वाटलं होतं. जन्मभर रेघोट्यांतून चित्र काढणाऱ्या बाईला चित्र नसलेलं चित्र काढायला सांगायचं म्हणजे काय! पण ती चमच्याने चहा ढवळत राहिली, ढवळत राहिली, आणि मग म्हणाली, "माझी सगळी चित्रं लोक अंगठ्याने वर ढकलतात रे. एक बघतात, ढकलतात. एक तरी भिंतीवर सिमेंटने बसू दे." हे ती कधी बोलली नव्हती. मला वाईट वाटलं, कारण तिची चित्रं अंगठ्याने ढकलणाऱ्यांत मीही होतो.

साहेबांची अट एकच होती. छापलेला नमुना भिंतीवर लावायचा, गाण्याच्या बाईंना बोलवायचं, त्यांच्यासकट कुणा एकालाही काही दिसलं तर नक्षी बाद, आणि काम बाहेरच्या लोकांना. बायकोने मान्य केलं आणि कामाला लागली.

आणि मग आमच्या घरात उलटी गंगा वाहू लागली. रेघोट्या ओढल्या की तिला ससा दिसायचा, की ती तो पुसायची. ससा पुसला की कानांच्या जागी होडी निघायची. होडी पुसली की खालून मगर. एवढी वर्षं जे यावं म्हणून ती वाट बघत बसायची, तेच आता ती घरात घुसलेल्या मांजरासारखं हाकलत होती. पहिल्या काही दिवसांत तिने इतके प्राणी पुसले की संध्याकाळी तिचा चेहरा उतरलेला असायचा. एकदा मला म्हणाली, आज एक फार गोड हरीण होतं रे, मी पाठच फिरवली आणि पुसलं.

तिच्या नजरेतून सुटलेलं पकडायला आई होती. आईने हे काम फार मनावर घेतलं. सकाळी आंघोळ झाली की खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसायची आणि नातेवाईक उघडकीला आणायची. इथे तिची मोठी आत्या, तिथे आत्याचे यजमान, कोपऱ्यात फुगून बसलेली शेजारची विहीणबाई. बायको एक एक करून पुसायची. आत्या गेली तोपर्यंत ठीक होतं, पण धाकट्या मामाचं नाक पुसलं तेव्हा आई दुखावली आणि दोन दिवस सुनेशी जेवढ्यास तेवढं बोलली. भाऊ कसाही असला तरी भाऊ होता, असं तिने मला भांडी विसळताना सांगितलं.

मी चहा घेऊन मागे उभा राहायचो. बायको विचारायची, "दिसतंय?" आणि मी पहिल्यांदाच खरं सांगू शकत होतो. "नाही," म्हणायचो. तिला त्याचा काही उपयोग नव्हता. तुला काय दिसायचंय, म्हणायची. आंधळ्याला दिवा विझला का विचारण्यासारखं ते होतं, हे मलाही कळत होतं.

शेवटी एका दुपारी आई स्क्रीनसमोर खूप वेळ बसली. चष्मा काढला, घातला, मान तिरकी केली. मग म्हणाली, "कोणी नाही गं. सगळे गेले." आणि डोळे पुसत आत निघून गेली. बायकोने तिला हाक मारली, पण मग स्वतःही एकदा शेवटचं निरखून बघितलं, आणि फाइल कारखान्याला पाठवून दिली.

नमुन्याच्या टाइल्स भट्टीतून निघाल्या त्या नेहमीप्रमाणे माझ्याच टेबलावर आल्या. फिकट राखाडी, त्यात मातकट शिरा, दिसायला साध्या आणि देखण्या. एका टाइलच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, ती बाजूला काढली. बाकीच्यांत दोष नव्हता. रंग लांबून कसा वाटतो ते बघायला मी एक टाइल भिंतीला टेकवून उभी केली आणि चार पावलं मागे गेलो.

टाइलमध्ये माझी बायको बसली होती.

पाठमोरी. अंबाडा, अंबाड्यात आडवं खोचलेलं पेन, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, आणि एक पाय खुर्चीवर दुमडलेला, त्याचा गुडघा बाजूने बाहेर आलेला. पहिल्यांदा मला वाटलं, डाग पडलाय. मी फडकं घेऊन पुसायला गेलो. जवळ गेलो की शिरा, मागे आलो की बायको. टाइल उलटी केली, तर बायको उलटी. दुसरी टाइल लावली, तर तिच्यातही ती. मी नमुन्याची सगळी भिंत मांडली आणि मग मला स्टुलावर बसावं लागलं. एका बायकोने पाठ फिरवली तरी माणसाची त्रेधा उडते, इथे भिंतभर बायका माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

मी हसलो. मग माझं काम आठवलं. भिंग म्हणून माझं काम एकच, दिसलं की सांगायचं. सांगितलं तर नक्षी बाद, आणि तिचं सिमेंटने भिंतीवर बसायचं राहून जाणार. साहेबांना न सांगता नुसतं तिला सांगितलं असतं तरी ती घरी जाऊन पेन उपसून ते पुसूनच टाकणार, कारण प्रामाणिकपणात ती माझ्यासारखी नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते पुसलेलं नको होतं. बारा वर्षांत मला दिसलेली ती पहिली गोष्ट होती. मी त्या रात्री घरी मूग गिळून बसलो. आईने विचारलं, टाइल कशी आली? मी म्हटलं, चांगली आली, आणि ताटात बघून जेवलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनबाहेरच्या भिंतीवर नमुना लागला. साहेब, गाण्याच्या बाई, बायको आणि मी. बायकोने चांगली साडी नेसली होती आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. बाई भिंतीजवळून हळूहळू चालत गेल्या, परत आल्या, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग त्यांनी स्टूल मागवलं आणि आंघोळीला बसल्यासारख्या त्यावर बसून बघितलं. एवढं झाल्यावर म्हणाल्या, नाही बाई, इथे कोणी नाही, इथे मी निवांत गाईन. साहेबांनी डोळे बारीक करून बघितलं, त्यांनाही काही दिसलं नाही. बायकोचा चेहरा इतका उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

मग साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, आता फक्त तुमचं, भिंग, म्हणजे शिक्का मारायला मोकळे. त्यांना हसू येत होतं. मला कधी काही दिसत नाही हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं, नुसती रीत म्हणून विचारलं होतं.

माझी गंमत अशी झाली की 'दिसतंय' असं खोटं बोलायचा माझा हात बारा वर्षं बसलेला, पण 'दिसत नाही' हे मी आजवर फक्त खरं खरं बोललेलो. ते खोटं कसं बोलायचं, हे मला येतच नव्हतं. मी भिंतीकडे बघितलं. भिंतभर तिची पाठ. घसा खाकरला. "नाही नाही," मी म्हटलं. "काही दिसत नाही." थोडं थांबलो, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "शिरांचा बाक छान आलाय."

साहेबांनी हात मिळवला. बायकोने मात्र वळून माझ्याकडे बघितलं.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. दोन स्टॉप गेले. मग बाहेर बघतच म्हणाली, "काय दिसलं?"

मी म्हटलं, कुठे काय, मला कधी काही दिसतं का? तर म्हणाली, "बारा वर्षं तुझं खोटं ऐकतेय. हो हो, मग थांबायचं, मग मान नाहीतर डोळे. किटलीची मानसुद्धा ऐकून घेतली मी. मला कळत नाही असं वाटलं तुला?"

मला बसच्या फटीतून खाली उतरून जावंसं वाटलं. एवढी वर्षं मी समजत होतो की ताकास तूर लागू देत नाही, आणि ही बसली होती सगळं जाणून. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, रोज चहा घेऊन येतोस, उभा राहतोस, काहीतरी शोधून बोलतोस. माझ्या मैत्रिणींचे नवरे तेवढंही करत नाहीत.

मग मी सांगितलं. टवका उडालेली ती टाइल माझ्या पिशवीतच होती, पण बसमध्ये काढली नाही. शेजारच्याने बघितली असती आणि मी बोट ठेवताना त्यालाही दिसलं असतं तर पंचाईत. ती ऐकत होती आणि तिचे डोळे मोठे होत होते. नक्षी बाद होईल याची तिला काळजी वाटेल असं मला वाटलं होतं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. "तुला दिसलं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तुला दिसलं!"

घरी आल्यावर आई टाइल बघायला आली, तिला आम्ही टवका उडालेली आहे, बघण्यासारखं काही नाही, असं सांगून वाटेला लावलं. दार लोटलं. मी टाइल टेबलावर भिंतीला टेकवली आणि बायकोला चार पावलं मागे, मी रोज चहा घेऊन उभा राहतो त्या जागी उभं केलं. आणि बोट ठेवून दाखवलं. हा अंबाडा, हे पेन, हा खांदा, हा गुडघा.

तिने बघितलं. पुढे झाली, मागे झाली. एक डोळा मिटला. टाइल उलटी केली, आडवी केली, परत सरळ केली. खाली बसून बघितलं. जिला माझ्या टकलावर बदकं दिसतात तिला तिथे काही म्हणजे काही दिसेना. कसं दिसणार? ओळखीचं जेवढं होतं तेवढं तिने आणि आईने पुसून टाकलं होतं. राहिलं होतं ते फक्त मी बघितलेलं. स्वतःच्या पाठीमागे चहा घेऊन ती कधी उभी राहिली नव्हती. तिच्या कपाळाला आठी पडली. आता रडते की काय, असं मला वाटलं.

मग तिने माझ्याकडे बघितलं. मी बोट टाइलवर ठेवूनच उभा होतो, आणि माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण तिने ते नीट बघितलं असावं.

"हो हो," ती म्हणाली. "दिसतंय की."

थोडं थांबली.

"मानेचा बाक छान आलाय."

त्या टाइलमध्ये मान नाही. अंबाडा थेट खांद्यांवर टेकलाय. मी म्हटलं, "आलाय ना?" आणि मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. ती खुर्चीत बसली, एक पाय वर घेतला, पेन अंबाड्यात खोचलं आणि नवीन रेघोट्यांकडे बघू लागली. मी चहा टाकायला आत गेलो.